क्रूझ कंपनीचे १०० शेअर आणि जहाजावरचं क्रेडिट : अर्ज नेमका कुठे अडतो

मोठ्या अमेरिकी क्रूझ कंपन्या आपले किमान १०० शेअर असणाऱ्या प्रवाशाला जहाजावर खर्च करायला काही रक्कम देतात, तेच हे क्रेडिट. शेअर घेतले, क्रूझ बुक केली, सामान घेऊन जहाजावर चढलं, जहाजावरचं खातं उघडून पाहिलं तर क्रेडिट शून्य. अशा तक्रारींत कंपनीची चूक क्वचितच असते. बहुतेकांची समजूत अशी की डिव्हिडंड जसा येतो तसं हे क्रेडिटही आपोआप येईल. ते येत नाही. अमेरिकेत तुमचे शेअर बहुधा ब्रोकरच्या नावावर ठेवलेले असतात, त्यामुळे तुम्ही शेअरहोल्डर आहात हे क्रूझ कंपनीच्या बुकिंग विभागाला कळण्याचा मार्गच नसतो. दर फेरीला, दर बुकिंगसाठी आपणच पुरावा जोडून मागावं लागतं. मागण्याचा क्रम चुकला की पैसे गेले.

## १. आधी हिशेब, मग खरेदी

तिन्ही मोठ्या अमेरिकी क्रूझ गटांची अट सारखी आहे : किमान १०० शेअर. मिळणारं क्रेडिटही साधारण सारखं. शेअरच्या किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो.

समजा एका गटाचा शेअर २५ डॉलरला आहे. १०० शेअरचे २,५०० डॉलर. वर्षात सात दिवसांची एक क्रूझ केली तर १०० डॉलर क्रेडिट, म्हणजे गुंतवलेल्या रकमेच्या ४ टक्के. दुसऱ्या गटाचा शेअर २५० डॉलरला असेल तर त्याच १०० डॉलरसाठी २५,००० डॉलर अडकतात, म्हणजे ०.४ टक्का. दोन वर्षांतून एकदाच क्रूझ होत असेल तर हे आकडे निम्मे करा.

दुसरी बाजूही पाहा. कार्निव्हलचा शेअर जानेवारी २०२० मध्ये ५० डॉलरच्या आसपास होता आणि एप्रिलच्या सुरुवातीला ८ डॉलरच्या आसपास आला. १०० शेअरमागे चार हजार डॉलरहून जास्त गेले. सात दिवसांच्या चाळीस क्रूझ केल्या तरी ते क्रेडिटमधून भरून निघत नाहीत. शेअर म्हणून तो शेअर घ्यावासा वाटत नसेल तर क्रेडिटसाठी घेऊ नका. क्रूझ ठरलेली आहे आणि शेअर आधीपासून खात्यात पडून आहेत, अशांनी मात्र अर्ज न करणं म्हणजे हातचं सोडणं.

## २. तुमचं जहाज कोणत्या गटाचं आहे

जहाजावरचं नाव आणि शेअर बाजारातलं नाव वेगळं असतं. गोंधळ इथूनच सुरू होतो.

कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या छत्राखाली कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्यूनार्ड, सीबोर्न, कोस्टा, आयडा आणि ब्रिटनमधली पी अँड ओ क्रूझेस येतात. बाजारातलं चिन्ह सीसीएल.

रॉयल कॅरिबियन ग्रुपकडे रॉयल कॅरिबियन इंटरनॅशनल, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी. चिन्ह आरसीएल.

नॉर्वेजियन क्रूझ लाइन होल्डिंग्जकडे नॉर्वेजियन, ओशानिया आणि रीजंट सेव्हन सीज. चिन्ह एनसीएलएच.

म्हणजे प्रिन्सेसच्या अलास्का फेरीसाठी सीसीएलचे शेअर चालतात, सेलिब्रिटीसाठी चालत नाहीत. एमएससी ही खासगी मालकीची कंपनी आहे, तिचे शेअर बाजारात मिळतच नाहीत. डिस्नेचे शेअर मिळतात, पण डिस्ने क्रूझवर असं क्रेडिट नाही. मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया या तिन्हींपैकी कोणाचीच नाही.

तपासणी : बुकिंगच्या कागदावर ब्रँडचं नाव शोधा आणि तो ब्रँड वरच्या कोणत्या गटात बसतो ते शेअर घेण्याआधी पक्कं करा.

## ३. रात्री मोजा, पट्टे पाहा

क्रेडिट माणशी नसतं, केबिनमागे असतं. रक्कम ठरते क्रूझच्या लांबीवर, आणि लांबीचे पट्टे प्रत्येक गटाचे वेगळे. डॉलरमधल्या रकमा अशा :

- कार्निव्हल : ६ दिवस किंवा कमी – ५०, ७ ते १३ दिवस – १००, १४ दिवस किंवा जास्त – २५०.
- रॉयल कॅरिबियन : ५ रात्री किंवा कमी – ५०; ६ ते ९ रात्री – १००; १० ते १३ रात्री – २००; १४ रात्री किंवा जास्त – २५०.
- नॉर्वेजियन : ६ दिवस किंवा कमी – ५०, ७ ते १४ दिवस – १००, १५ दिवस किंवा जास्त – २५०.

पट्ट्यांच्या सीमेवर नीट लक्ष द्या. चौदाच्या फेरीला कार्निव्हल आणि रॉयलकडे २५० मिळतात, नॉर्वेजियनकडे १००. दहा रात्रींना रॉयल २०० देतं, कार्निव्हल १००. सहा रात्रींना रॉयल १००, बाकी दोघं ५०. सिंगापूरहून सुटणाऱ्या तीन-चार रात्रींच्या रॉयल कॅरिबियन फेऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांत लोकप्रिय आहेत, तिथे अख्ख्या केबिनला ५० डॉलर. एवढ्यासाठी आरसीएलचे १०० शेअर घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

कार्निव्हलच्या युरोपीय आणि ब्रिटिश ब्रँडवर क्रेडिट त्या जहाजाच्या चलनात, म्हणजे युरो किंवा पौंडात ठरतं. तिथे डॉलरचे आकडे धरून बसू नका.

इशारा : ही योजना मुदतीची असते आणि कंपनी ती पुढे वाढवत जाते. कार्निव्हल तर बुकिंगची शेवटची तारीख आणि प्रवासाची शेवटची तारीख अशा दोन तारखा देते. दीड-दोन वर्षांनंतरची क्रूझ बुक केली असेल तर ती या मुदतीबाहेर पडू शकते. तेव्हा अर्ज रेटू नका, मुदत वाढल्यावर करा.

## ४. शेअर घेताना

किमान १०० पूर्ण शेअर हवेत. ९९.८ चालत नाहीत. रुपयांत ठरावीक रक्कम टाकून अमेरिकी शेअर घेण्याची सोय देणाऱ्या ॲपवर अपूर्णांकात खरेदी होते आणि तिथेच घोटाळा होतो. ‘साधारण शंभर’ दिसतात, स्टेटमेंटवर ९९.६४ छापून येतात. ऑर्डर रकमेची न टाकता शेअरच्या संख्येची टाका, आणि एखाद-दोन शेअर जास्तच घ्या.

ज्या म्युच्युअल फंडात किंवा ईटीएफमध्ये क्रूझ कंपन्या आहेत ते मोजले जात नाहीत. ऑप्शनचा एक लॉट शंभर शेअरचा असला तरी तो शेअरहोल्डिंग नव्हे. पन्नास शेअर नवऱ्याच्या खात्यात, पन्नास बायकोच्या, अशी बेरीजही करू नका. शंभर एकाच खात्यात ठेवा.

भारतातून घेणाऱ्यांसाठी. पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेतून जातात. मर्यादा एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर. बँकेत ए-२ फॉर्म भरताना उद्देश ‘परदेशी शेअरमध्ये गुंतवणूक’ हाच निवडा. ‘पर्यटन’ निवडून पाठवलेले पैसे ब्रोकरकडे गेले की कागदांचा मेळ बसत नाही. पाठवलेले पैसे न गुंतवता खात्यात ठेवले तर ते १८० दिवसांत परत आणावे लागतात.

टीसीएसचा, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते त्या कराचा हिशेब आधीच करा. वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत काही नाही, त्यावरच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के. डॉलर ९० रुपये धरला तर २,५०० डॉलर म्हणजे सव्वादोन लाख, काही प्रश्न नाही. २५,००० डॉलर म्हणजे साडेबावीस लाख. वरच्या साडेबारा लाखांवर अडीच लाख टीसीएस कापला जाईल. तो रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकून राहतो. मुलीच्या फीसाठी त्याच पॅनवर पैसे पाठवले असतील तर तेही याच १० लाखांत मोजले जातात, हे पालक हमखास विसरतात.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी. साधं ब्रोकरेज खातं सर्वांत सोपं. आयआरए, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातले शेअरही दाखवता येतात, फक्त स्टेटमेंटवर संस्थेच्या नावाबरोबर तुमचं नाव स्पष्ट हवं.

तपासणी : अमेरिकेत २८ मे २०२४ पासून सौदा दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी पुरा होतो. खात्यात शेअर लगेच दिसले तरी महिन्याचं स्टेटमेंट महिना संपल्यावरच निघतं. त्यामुळे खरेदी आणि प्रवास यांत किमान दोन महिने ठेवा.

## ५. बुकिंग करताना

शेअरहोल्डरने स्वतः त्या केबिनमध्ये राहायला हवं. शेअर वडिलांचे आणि केबिनमध्ये मुलगा-सून, असं चालत नाही. एका केबिनमध्ये दोघंही शेअरहोल्डर असले तरी क्रेडिट एकच. कुटुंबाने दोन केबिन घेतल्या असतील आणि नवरा-बायको दोघांकडे स्वतंत्र खात्यांत प्रत्येकी १०० शेअर असतील, तर बुकिंगमध्ये एकाला एका केबिनमध्ये आणि दुसऱ्याला दुसऱ्या केबिनमध्ये दाखवा. प्रत्यक्षात कोण कुठे झोपतं हा घरचा मामला. कागदावर मात्र प्रत्येक केबिनला एक शेअरहोल्डर लागतो.

फुकट किंवा खास सवलतीच्या दरातली बुकिंग बहुतेक ठिकाणी वगळलेली असतात : कर्मचाऱ्यांचे दर, ट्रॅव्हल एजंटचे दर, ग्रुपमागे मिळणारी आयोजकाची मोफत जागा. तीस जणांची सहल नेणाऱ्या काकांना स्वतःची केबिन फुकट मिळाली असेल, तर त्या केबिनवर शेअरचं क्रेडिट मागू नये.

### नावाचा घोळ

इथे मराठी माणसं जास्त अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो. पासपोर्टवर दिलेल्या नावाच्या रकान्यात ‘सुनीता महेश’ आणि आडनावात ‘पाटील’. क्रूझचं बुकिंग पासपोर्टप्रमाणे झालं, ‘सुनीता महेश पाटील’. ब्रोकरच्या खात्यावर ‘सुनीता पाटील’. एवढा फरक सहसा चालून जातो. पण खातं लग्नाआधी उघडलं असेल आणि त्यावर ‘सुनीता जोशी’ असेल, तर तपासणाऱ्याच्या लेखी ती वेगळीच व्यक्ती. क्रूझच्या बुकिंगमधलं नाव पासपोर्टशीच जुळलं पाहिजे, ते बदलू नका. ब्रोकरकडचं नाव दुरुस्त करून घ्या. त्याला केवायसीचे कागद लागतात आणि वेळही लागतो, म्हणून हे काम शेअर घेतल्या दिवशीच सुरू करा.

## ६. पुराव्याचा कागद

सगळ्यात जास्त अर्ज या टप्प्यावर परत येतात. ब्रोकरचं ताजं मासिक स्टेटमेंट सर्वांत चांगलं. कार्निव्हल प्रॉक्सी कार्डाची (कंपनीच्या सभेतल्या मतदानासाठी शेअरहोल्डरला येणारा कागद) प्रतही ग्राह्य धरते.

स्टेटमेंट आठ-दहा पानांचं असतं, सगळं पाठवायची गरज नाही. ज्या पानावर शेअरची यादी आहे ते पान हवं. नाव आणि तारीख पहिल्या पानावर असेल तर तेही. मिळून या पाच गोष्टी वाचता आल्या पाहिजेत :

1. तुमचं पूर्ण नाव
2. ब्रोकरचं नाव
3. स्टेटमेंटची तारीख किंवा महिना
4. कंपनीचं नाव किंवा चिन्ह
5. शेअरची संख्या, १०० किंवा जास्त

खाते क्रमांक काळा करा, अर्जात तो लागत नाही. इतर शेअर आणि एकूण रक्कमही झाकलीत तर हरकत नाही. उत्साहाच्या भरात लोक शेअरची संख्याच झाकतात, कारण ती रकमेच्या शेजारच्या रकान्यात असते. झाकल्यानंतर पान एकदा त्रयस्थासारखं वाचून पाहा.

इशारा : पीडीएफवर नुसता काळा चौकोन ओढला तर त्याखालचा मजकूर तसाच राहतो, कॉपी करून वाचता येतो. काळं केलेल्या पानाचं चित्र बनवून ते पाठवा, किंवा छापून, खोडून पुन्हा स्कॅन करा.

मोबाइल ॲपचा स्क्रीनशॉट टाळा. त्यावर शेअर दिसतात, नाव दिसत नाही.

## ७. अर्ज

सुरुवात नेहमी गटाच्या गुंतवणूकदारांसाठीच्या पानावरून करा. तिथे ‘शेअरहोल्डर बेनिफिट’ नावाचा विभाग असतो आणि सध्या अर्ज कुठून घेतला जातो ते तिथेच कळतं : ऑनलाइन फॉर्म किंवा स्टॉकपर्क्ससारखं ॲप. जुन्या लेखांत फॅक्स नंबर आणि ईमेल पत्ते फिरत असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

हाताशी ठेवा : बुकिंग नंबर, जहाजाचं नाव, निघण्याची तारीख, ब्रँड, बुकिंगमधलं नाव, पत्ता, पुराव्याची फाइल.

तारीख भरताना सावध राहा. अमेरिकी फॉर्ममध्ये महिना आधी आणि दिवस नंतर असतो. ५ डिसेंबरची क्रूझ आपल्या सवयीने ०५/१२ लिहिली की ती १२ मे होते आणि अर्ज बुकिंगशी जुळत नाही.

कधी करायचा? कार्निव्हलच्या अटीत निघण्याआधी किमान तीन आठवडे म्हटलं आहे. हीच सीमा तिन्हींसाठी धरून चाला, आणि प्रत्यक्षात ४५ ते ६० दिवस आधी अर्ज करा. परत आला तर दुरुस्तीला वेळ उरतो. लागोपाठ दोन फेऱ्या असतील आणि बुकिंग नंबर दोन असतील, तर अर्जही दोन.

एजंटमार्फत बुकिंग असेल तर एजंटला ‘तुम्हीच बघा’ म्हणून सोडून देऊ नका. त्याला यात कमिशन नाही. बुकिंग नंबर त्याच्याकडून घ्या, अर्ज स्वतः करा.

इशारा : अर्ज मंजूर झाल्यावर बुकिंग रद्द करून स्वस्त दरात पुन्हा केलं तर नंबर बदलतो आणि क्रेडिट जुन्या नंबराबरोबर जातं. नव्या नंबरावर पुन्हा अर्ज करा.

## ८. मंजुरीची खात्री

मंजुरीचा ईमेल आला की तो छापून घ्या. समुद्रात इंटरनेट महाग असतं आणि काउंटरवर ईमेल शोधत उभं राहणं तापदायक. क्रूझच्या ॲपमधल्या तुमच्या बुकिंगवर क्रेडिटची ओळ दिसते का ते निघण्याच्या दहा दिवस आधी पाहा. दिसली नाही तर गटाच्या शेअरहोल्डर विभागालाच विचारा. सामान्य ग्राहक सेवेतल्या माणसाला याची माहिती असेलच असं नाही.

शेअर कधी विकायचे? परत आल्यावर. मंजुरी आली म्हणून निघण्याआधीच विकून मोकळं होणं अटींत बसत नाही.

## ९. जहाजावर खर्च करताना

दुसऱ्या दिवशी खात्याचं स्टेटमेंट पाहा. क्रेडिट नसेल तर ईमेलची प्रत घेऊन गेस्ट सर्व्हिसेसकडे जा. शेवटच्या रात्री तिथे रांग लागते आणि दुरुस्ती होत नाही.

हे क्रेडिट रोख मिळत नाही. उरलं तर बुडालं. कार्निव्हलच्या ब्रँडवर ते कसिनोत चालत नाही आणि खात्यावर लावलेल्या टिपेसाठीही चालत नाही. या जहाजांवर मुंबई-गोव्याचे पुष्कळ कर्मचारी असतात. केबिन आवरणारा मडगावचा निघाला आणि त्याच्या हातात काही ठेवावंसं वाटलं, तर त्यासाठी वेगळ्या नोटा जवळ ठेवा.

चालतं कुठे? जादा पैशांची रेस्टॉरंटं, कॉफी, पेयं, स्पा, फोटो, दुकान, जहाजावर बुक केलेल्या किनाऱ्यावरच्या सहली. पेयं, स्पा अशा गोष्टींच्या किमतींवर साधारण १८ ते २० टक्के सर्व्हिस चार्ज चढतो, म्हणून तिथे १०० डॉलरच्या क्रेडिटात ८०-८५ डॉलरचीच खरेदी धरा.

एक नेहमीची चूक : क्रेडिट वापरायचं म्हणून ड्रिंक पॅकेज किंवा वायफाय जहाजावर जाऊन घेणं. या गोष्टी निघण्याआधी ऑनलाइन बहुधा स्वस्त मिळतात. त्या आधीच घ्या, आणि क्रेडिट अशा गोष्टींना ठेवा ज्यांची किंमत आधी आणि नंतर सारखीच असते.

शेवटच्या आदल्या दिवशी, शेवटच्या नव्हे, शिल्लक पाहा. बंदरात जहाजावरची दुकानं बंद असतात आणि शेवटच्या संध्याकाळी फक्त टोप्या आणि कीचेन उरतात.

## १०. परत आल्यावरचे कागद

भारतात राहणाऱ्यांनी परदेशी शेअर प्राप्तिकर रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवलेच पाहिजेत, एक डॉलरही नफा झाला नसला तरी. त्यासाठी आयटीआर-१ चालत नाही, नोकरदाराला आयटीआर-२ लागतो. शेड्यूल एफए आर्थिक वर्षावर नाही, कॅलेंडर वर्षावर भरतात : जानेवारी ते डिसेंबर. मार्चअखेरची शिल्लक टाकणं ही इथली नेहमीची चूक. डिव्हिडंड आला असेल तर तोही उत्पन्नात धरा.

शेअर विकले तर २४ महिन्यांची रेघ महत्त्वाची. त्यापेक्षा जास्त काळ ठेवले असतील तर नफ्यावर १२.५ टक्के कर, कमी असतील तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. पहिल्याच क्रूझनंतर घाईने विकणाऱ्यांना म्हणून कर जास्त बसतो.

मंजुरीचा ईमेल, वापरलेलं स्टेटमेंट आणि जहाजावरच्या खात्याची शेवटची पावती एका फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या फेरीला याच फाइलीवरून फॉर्म पाच मिनिटांत भरून होतो. स्टेटमेंट मात्र त्या वेळचं नवं जोडा.